गेट बघायला आलेले पाव्हणे

आमच्या मुरबाड-शहापूर भागात लग्न ठरवताना मुलीकडचे दोन गोष्टी बघून घेतात. आधी मुलाचं घर, मग त्याच्या कंपनीचं गेट. घर बघायला जीप भरून माणसं येतात. मामा, आत्या, शेजारची एखादी तोंडाळ काकी. गेट बघायला मात्र मुलीचा बाप येतो, फार तर सोबत एक मेहुणा. पाळी सुटायच्या आधी येऊन समोरच्या टपरीवर चहा घेऊन बसायचं आणि मुलगा कुठून बाहेर पडतो ते बघायचं. कोणाला काही विचारायचं नाही.

आमच्या कंपनीला बाहेर पडायला दोन वाटा. मोठं गेट कंपनीच्या स्वतःच्या माणसांचं. निळा शर्ट, पंच केलं की आडवा दांडा फिरतो, मोटारसायकल हातात धरून गप्पा मारत बाहेर. त्याच्या शेजारी भिंतीत एक लहान दार. ते ठेकेदाराच्या माणसांचं. तिथं रांग लागते. हात वर करायचे, वॉचमन खिसे चाचपतो, डबा उघडून बघतो, मग जा. टपरीवरून दोन्ही स्वच्छ दिसतं. मुलगा मोठ्या गेटातून आला तर साखरपुड्याची तारीख निघते. लहान दारातून आला तर पाव्हणा अर्धा चहा तसाच ठेवून उठतो आणि घरून निरोप येतो, "पत्रिका जुळत नाय."

या दोन वाटांच्या मधे टाइम ऑफिस आहे. माझी सगळी नोकरी तिथं झाली. टाइम ऑफिस म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. कारखान्यात झाकणं आणि बाटल्या बनतात. त्या कशा बनतात हे मला आजही धड सांगता येणार नाही. पण कोण आला, कोण उशिरा आला, कोणाचा ओव्हरटाइम किती, कोणाचं कार्ड आज उघडलं आणि कोणाचं बंद झालं, हे सगळं आमच्याकडे. ऑफिसला दोन खिडक्या. आतली खिडकी कामगारांसाठी, रजा-बिजा विचारायला. बाहेरची खिडकी रस्त्याकडे उघडते. तिथं येतात ते काम मागणारे.

मी बीए आहे. आमच्या घराण्यात पहिली, धसईच्या अलीकडच्या आमच्या गावात बायकांमध्ये पहिली. हे मी मुद्दाम सांगते, लाजत नाही. बाबांनी भाताच्या खाचरात राबून शिकवलं, आणि निकाल लागल्यावर विचारलं, "बीए झालीस, मंग आता तू करतंस काय?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते त्यांनीच आणलं. धसईच्या बाजारातून सुके बोंबील आणले, त्याच्या पुडीचा कागद आईनं सोडवला आणि मी सवयीनं वाचायला घेतला. "पाहिजे. टाइम ऑफिससाठी पदवीधर. स्त्री चालेल." त्या 'चालेल'चा मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन मुरबाडला गेले. साहेबांनी तो दोन बोटांत धरून वाचला आणि खिडकी उघडायला सांगितली. जाहिरात जुनी होती, जागा अजून होती. पगार लिहिला होता तेवढाच मिळाला, काम लिहिलं होतं तेच मिळालं, आणि मी पहिल्या वर्षानंतर कायम झाले. त्या कागदाला वास येत होता, पण त्यावरचं अक्षर न् अक्षर खरं होतं.

आताच्या जाहिरातींना वास येत नाही. त्या रंगीत असतात, कडेला फुगे असतात. आधी त्या एसटी स्टँडवर आणि आसनगाव स्टेशनच्या खांबांवर चिकटवलेल्या असायच्या. आता थेट फोनवर येतात, मामाच्या ग्रुपवरून भाच्याच्या ग्रुपवर. पोरगा खिडकीशी येतो, फोन आत धरतो आणि म्हणतो, "म्याडम, ही तुमचीच कंपनी ना?" कंपनी आमचीच असते. बाकी काही आमचं नसतं.

इतक्या वर्षांत मला त्या वाचायची सवय झाली. 'ऑफिसचं काम' म्हणजे ऑफिसच्या मागच्या गोडाऊनमधलं. 'अनुभवाची अट नाही' म्हणजे काम असं, की अनुभवी माणूस ते करत नाही. 'तातडीने पाहिजेत' म्हणजे आधीचे पळालेत. 'राहण्याची सोय' म्हणजे एका खोलीत जेवढे आडवे होतील तेवढे. ते शेवटचं माझ्या चांगलं लक्षात आहे, कारण ती सोय वाचून एक जोडपं खरंच बिऱ्हाड घेऊन आलं होतं. डोंगराकडचं, तरणं जोडपं. गाठोड्यात तांदूळ, स्टोव्ह, दोन पातेली, आणि बाईच्या काखेत एक कोंबडी. तिनं कोंबडीचा पाय माझ्या खिडकीच्या गजाला बांधला आणि नवऱ्यानं फोन दाखवला.

"सोय लिवलीय," तो म्हणाला.

मी सांगितलं, ही जाहिरात ठेकेदाराची, खोली कल्याणकडे कुठंतरी आहे, ती पण फक्त पुरुषांची. नवऱ्यानं फोन खिशात टाकला. बाई म्हणाली, "मंग कोंबडीची तरी सोय करा. ती कालपास्नं उपाशी हाय."

समोरच्या टपरीवाल्या बाळूनं कोंबडीला पावाचा चुरा घातला. संध्याकाळी ते दोघं वीटभट्टीच्या गाडीत बसून गेले. भट्टीवाला जाहिरात देत नाही, पण खोपट देतो.

हसण्यासारखं असंही पुष्कळ. 'मार्केटिंग ऑफिसर' म्हणून सूट घालून आलेला एक जण, बाटल्यांची पोती उचलायला उभा केला तेव्हा म्हणाला, "कोट कुठं टांगू?" पण जे बघताना मला आतून त्रास व्हायचा ते वेगळं. ठेकेदाराला हेल्पर म्हणून पदवीधर नको असतो. पदवीधर डोकं लावतो, प्रश्न विचारतो, चार जणांना घेऊन उभा राहतो. म्हणून पोरं पदवी लपवतात. एमएस्सी झालेला मुलगा अर्जात दहावी पास लिहितो आणि मला खिडकीतून डोळ्यांनी खुणावतो, बोलू नका म्हणून. ज्या पदवीसाठी आमच्या घरात पेढे वाटले होते, ती मी रोज कोणाला ना कोणाला लपवताना बघत होते. आणि शेवटी शेवटी मीच सांगायला लागले होते, "नको लिहूस रे. काम हवंय ना?"

आता ब्रेकचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ठेकेदाराचा माणूस सलग फार दिवस राहिला तर तो कायम करा म्हणून मागणी करू शकतो. म्हणून काही महिन्यांनी त्याचं कार्ड बंद होतं. त्याला ब्रेक म्हणतात. थोड्या दिवसांनी तोच माणूस नव्या नंबरानं पुन्हा आत. त्याची जुनी नोकरी जणू झालीच नाही. आणि मधल्या दिवसांत जाहिरात फिरते: 'भव्य भरती'. लोकांना वाटतं कारखाना वाढतोय. आम्हाला टाइम ऑफिसात माहीत असतं, जेवढी कार्डं काल बंद केली तेवढीच ही भरती आहे.

या सगळ्यात भूषण आला. आमच्या शेजारच्या गावचा, बीकॉम, त्याच्या घरातला पहिला शिकलेला. त्यामुळे माझा त्याच्यावर जीव. तो ज्या जाहिरातीनं आला त्यात लिहिलं होतं: 'सुपरवायझर. पदवीधर पाहिजे. सहा महिन्यांनंतर कायम.' ठेकेदारानं त्याला पांढरं हेल्मेट दिलं. हेल्परचं पिवळं असतं, सुपरवायझरचं पांढरं. चार पोरं हाताखाली दिली, आणि त्या चौघांबरोबर पोती उचलायचं काम दिलं. पण हेल्मेट पांढरं होतं. त्याच्या आईनं ते घातलेला फोटो मोठा करून भिंतीवर लावला.

मी त्याला पहिल्या आठवड्यातच आतल्या खिडकीशी थांबवलं. म्हटलं, "भूषण, तू ठेकेदाराकडं आहेस. इथं सहा महिन्यांनी कोणी कायम होत नाही. तुला ब्रेक मिळेल."

"ताई, बाकीच्यांना मिळत असंल. माझ्या जाहिरातीत कायम छापलंय."

"छापलंय म्हणून खरं असतं का?"

"मंग छापतील कशाला?"

आम्हा पहिल्या पिढीच्या शिकलेल्यांचा हा रोगच आहे. घरात वाचणारं कोणी नसतं, त्यामुळे छापलेलं ते खरं अशी आमची समजूत होते. पुस्तकांनी आम्हाला घराबाहेर काढलं, मग छापलेला शब्द फसवेल कसा? मी तरी वेगळी कुठं होते? माझं नशीब एवढंच, की माझ्या वाट्याला बोंबलाच्या पुडीचा खरा कागद आला.

त्याचं लग्न बघायला लागले तेव्हा बायोडाट्यात त्यानं लिहिलं, 'सुपरवायझर, कायम'. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. सहा महिने पुरे व्हायला आले होते, आणि तो तेवढंच मोजत होता.

मुलगी शहापूरकडची, तानसा तलावाच्या बाजूच्या गावातली. प्रणाली नाव. तीही पदवीधर, बीएस्सी. तिचे वडील पाण्याच्या पाइपलाइनवर मुकादम होते, परमनंट, पेन्शनवाले. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. घर बघून झालं होतं. गेट राहिलं होतं.

पाव्हणे कधी येणार हे बाळूला आधी कळतं. त्याच्या टपरीवर आडून चौकशी होते, "पाळी कधी सुटते?" म्हणून. बाळूनं भूषणला सांगितलं, आणि भूषण आतल्या खिडकीशी आला.

"ताई, एक काम होतं."

"बोल."

"उद्या पाव्हणे येतात. गेट बघायला."

"मग येऊ देत."

तो इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "एक दिवस मोठ्या गेटातनं सोडा ना. सावळाराममामा दांडा फिरवायला तयार हाय. निळा शर्ट पन मिळालाय एकाचा. तुमी फक्त इकडं बघू नका."

सावळाराम आमचा जुना वॉचमन, दोन्ही वाटांवर तोच. मी खिडकीतून त्याच्याकडे बघितलं तर तो छताकडे बघत होता.

"आणि लग्नानंतर काय? सासरा पुन्हा कधी आला तर?"

"तवर कायम होईन की."

"भूषण, अरे गाढवा, किती वेळा सांगू तुला?"

"बरं, नाय होणार, धरून चाला. मंग तर हीच एक संधी हाय ना ताई? लहान दारातनं गेलो तर तिचा बाप उठून जाईल. तुमाला ठाव हाय, मला ठाव हाय."

खरं होतं ते. पण मी म्हटलं, "जाहिरातीनं तुला जे केलं, तेच तू त्या पोरीला करणार का?"

त्यानं गजांवरचे हात काढले. मग "बराबर हाय ताई" म्हणाला आणि डबा उचलून लहान दाराच्या रांगेत गेला.

दुसऱ्या दिवशी बाप आला तो मुलीला घेऊन. असं कधी होत नाही. तीच स्कूटर चालवत होती. बाप टपरीवर बसला. ती सरळ रस्ता ओलांडून माझ्या बाहेरच्या खिडकीशी आली. अंगाने बारीक, पण बघणं थेट. मला ते आवडलं.

"म्याडम, भूषण इथं परमनंट आहे का?"

"पाळी सुटली की दिसेलच."

"ते बाबांना दिसेल. मला तुम्हाला विचारायचंय." तिनं फोन माझ्यासमोर धरला. तीच जाहिरात. "त्याने मला ही पाठवली होती. मी या भागातल्या अशा चार ठिकाणी जाऊन आलेय. एकीकडे लॅबचं काम म्हणाले आणि बाटल्या धुवायला बसवलं. म्हणून एकच सांगा. जाहिरात खोटी, की मुलगा खोटा?"

खिडकीशी उभं राहून इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. टाइम ऑफिसात बोलायची एक पद्धत असते. 'मुलगा चांगला आहे, हजेरी चांगली आहे', एवढं बोलून विषय बदलायचा. मी तसं केलं नाही.

"जाहिरात खोटी," मी म्हटलं. "मुलगा खरा आहे. इतका खरा, की मी सांगूनही त्याला जाहिरात खोटी वाटत नाही."

तिनं मान हलवली. भोंगा झाला.

मोठ्या गेटातून निळे शर्ट बाहेर पडले. लहान दाराशी रांग लागली. भूषण त्या रांगेत होता. घरचा इस्त्रीचा शर्ट घातला होता, पांढरं हेल्मेट काखेत. सावळाराम त्याला न तपासताच पुढे सोडत होता, तर तोच थांबला. हेल्मेट खाली ठेवलं, दोन्ही हात वर केले आणि टपरीकडे तोंड करून उभा राहिला, नीट दिसेल असा. मी इतकी वर्षं माणसांना हात वर करताना बघितलं, पण एवढ्या सावकाश कोणी केले नव्हते.

बाप टपरीवरून उठला. मला वाटलं, स्कूटरकडे जाईल. तो माझ्या खिडकीशी आला.

"म्याडम, या पोराला ठाव होतं आमी येणार?"

"होतं."

"तरी तिकडनं आला?"

"हो."

तो भूषणकडे बघत राहिला. "चांगला हाय पोरगा," म्हणाला. मला वाटलं, जमलं. खरंच वाटलं. मग तो म्हणाला, "पन म्याडम, लबाड असता तर चाललं असतं. लबाड मानूस कुठं ना कुठं पोट भरतो. हा फसनारा हाय. फसनाऱ्याच्या घरात पोरगी दिली, तर आयुष्यभर त्याचं फसनं निस्तरायचं कोनी?"

"बाबा," प्रणाली म्हणाली.

"चल गो."

भूषण रस्ता ओलांडून टपरीजवळ हेल्मेट हातात घेऊन उभा होता. त्यानं आणि प्रणालीनं एकमेकांकडे बघितलं. ती स्कूटरवर बसली, बाप मागे बसला, आणि ते शहापूरच्या दिशेनं गेले. बाळूनं भूषणला चहा दिला. तो त्यानं घेतला नाही.

दिवाळीच्या आधी त्याला ब्रेक मिळाला. दिवाळीच्या आधी देतात, का ते वाचणाऱ्यांनी ओळखावं. कार्ड मीच बंद केलं. माझं कामच ते. दिवाळीनंतर तो आला, तर आतल्या खिडकीशी नाही. बाहेरच्या. पोरांच्या रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर फोन पुढे केला.

'सुपरवायझर. पदवीधर पाहिजे. सहा महिन्यांनंतर कायम.'

"ताई, ही माझीच जागा ना?"

"तुझीच."

"म्हणजे मी गेलो म्हनून जागा झाली, आनि जागा झाली म्हनून मी येऊ शकतो."

"हो. नवा नंबर मिळेल."

"आनि सहा महिने?"

"पहिल्यापासून."

तो हसला. त्याला मी इतकं मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. मागची पोरं पण हसली, काय चाललंय ते न कळता. मग तो रांगेतून बाहेर पडला आणि परत आला नाही. आसनगावच्या पुढं हायवेला मोठमोठी गोडाऊनं झालीत, तिकडं लागला असं कळलं.

नंतर एक दिवस माझ्या भाच्यानं फोन दाखवला. "आत्या, हे बघ, मस्त जॉब आहे." फुगे होते, लाल अक्षरं होती. 'पॅकिंग सुपरवायझर. त्वरित. कायमस्वरूपी.' खाली लिहिलं होतं, 'संपर्क: भूषणदादा'. मी त्याच नंबरावर फोन लावला.

"भूषण, परमनंट का लिहिलंस?"

आवाज ओळखायला त्याला वेळ लागला नाही. "ताई, नाय लिहिलं तर कोन येत नाय. मानसं पुरवायचं काम हाय आता माझं."

"तुला आठवतंय ना काही?"

"सगळं आठवतंय. म्हनून तर नीट लिवता येतं." मग म्हणाला, "आई विचारते तुमाला. या ना कधी घरी."

मी पुष्कळदा मनात तो दिवस फिरवून बघते. त्याला मोठ्या गेटातून सोडलं असतं तर? लग्न झालं असतं. ब्रेक मिळाल्यावर घरात भांडण झालं असतं, रडारड झाली असती, आणि मग कदाचित दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं. लोक करतातच. का तो असाच झाला असता, फक्त बायकोसकट? माझं उत्तर अजूनही तेच आहे, नाही सोडायचं. पण पूर्वी ते मी मान ताठ करून सांगायचे. आता सांगते, एवढंच.

त्यानंतरच्या वर्षांत मोठं गेट रिकामं होत गेलं. निळे शर्ट एकेक करून निवृत्त झाले. प्रत्येकाला हार, नारळ, फोटो. त्यांच्या जागा भरल्या नाहीत. त्या जागी लहान दाराची रांग वाढली. कार्डाची मशीन गेली, चेहरा ओळखणारी आली. मोठं गेट आता ट्रक आला की उघडतं. निळ्या शर्टातले मोजके उरले होते, त्यांत सगळ्यांत शेवटी निवृत्त होणारी मी, आणि मलाही सहाच महिने उरले होते. मग माझ्याही जागेची जाहिरात फिरायला लागली. भाच्याला दाखवावी लागली नाही, मला तीन ग्रुपवर आली. 'टाइम ऑफिस असिस्टंट. पदवीधर. स्त्रियांना प्राधान्य. कायमस्वरूपी.' म्हणजे स्त्री नुसती चालत नाही आता, तिला प्राधान्य आहे. तेवढी प्रगती झाली.

बाहेरच्या खिडकीशी पहिली कोण आली असेल? मी चष्मा काढून पुसून पुन्हा घातला.

"ओळखलंत का म्याडम?"

"प्रणाली."

"लग्न नाही झालं अजून," तिनं न विचारता सांगितलं. "बाबा अजून गेटं बघतात. मधे दोन ठिकाणी नोकरी केली. एका शाळेत, मग एका दवाखान्यात."

मी तिला सगळं सांगितलं, जसं त्या दिवशी सांगितलं होतं. जागा ठेकेदाराकडची आहे. कायम नाही. ब्रेक मिळेल. लहान दारातून जायला लागेल, खिडकीमागं बसून काम केलंस तरी.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं ना. तरी येते. त्या दिवशी इथं उभी होते तेव्हाच वाटलं होतं, हे काम मला येईल." मग फोन बाहेर काढून तिनं तीच जाहिरात माझ्यासमोर धरली, बोटानं खालची ओळ दाखवली. "संपर्क बघितलात का कोणाचा आहे?"

मी बघितला नव्हता. आपल्याच जागेची जाहिरात माणूस शेवटच्या ओळीपर्यंत वाचत नाही. 'भूषणदादा' लिहिलं होतं.

"त्याला ठाऊक आहे का, तू येतेयस?"

"नाव सांगितलं मी फोनवर. त्यानं नाव पुन्हा विचारलं. मग म्हणाला, पत्ता तुला माहीत आहे." तिनं फोन पर्समध्ये टाकला. "आता बाबांना पसंत पडला असता."

तिला काम शिकवायला मला काही त्रास पडला नाही. ती खरंच हुशार आहे. ओव्हरटाइमचा हिशेब माझ्याहून लवकर करते. कामगारांना 'दादा' म्हणते, आणि जाहिरात घेऊन आलेल्या पोरांना खिडकीतून खरं सांगते. एकदा ठेकेदारानं तिला टोकलं, "तू आमची माणसं पळवतेस." ती म्हणाली, "पळत नाहीत, साहेब. ऐकून घेतात आणि तरी येतात." हे खरं आहे. हे मला इतक्या वर्षांत कोणाला सांगायचं धाडस झालं नव्हतं. आम्हाला वाटतं जाहिरात फसवते. बरीचशी पोरं फसत नाहीत आता. त्यांना ठाऊक असतं. दुसरीकडे जायला जागा नसते म्हणून फसल्यासारखं करतात.

माझ्या शेवटच्या दिवशी हार-नारळ झाला, साहेबांनी दोन शब्द सांगितले. दुपारनंतर माझं नाव मशीनमधून काढायचं होतं. ते प्रणालीनंच काढलं. नियम असा, की एकदा चेहरा काढला की मोठ्या गेटाचा दांडा तुमच्यासाठी फिरत नाही. पास घेऊन लहान दारातून जायचं. हा नियम मीच वर्षानुवर्षं प्रत्येक निवृत्त माणसाला समजावून सांगितलेला. त्यांचे चेहरे पडायचे, आणि मी म्हणायचे, नियम म्हणजे नियम.

सावळाराम आता म्हातारा झालाय, ठेकेदाराच्या पगारावर पुन्हा लागलाय. तो धावत आला. "म्याडम, तुमी मोठ्या गेटातनं चला. मी दांडा हातानं फिरवतो. एक दिवस."

एक दिवस. तो विसरला होता की काय, मला माहीत नाही. मी विसरले नव्हते.

"नको, सावळारामदादा," मी म्हटलं.

भोंगा झाला. मी आणि प्रणाली लहान दाराच्या रांगेत उभ्या राहिलो. पुढं पिवळी हेल्मेटं, एखादं पांढरं. आमची पाळी आली तेव्हा तपासणारी बाई संकोचली. मी हार तिच्या टेबलावर ठेवला, नारळाची पिशवी उघडून दाखवली आणि हात वर केले. वर केल्यावर कळलं, हात वर असताना माणसाला कुठं बघावं ते कळत नाही. म्हणून समोर बघितलं.

समोर बाळूच्या टपरीवर एक पाव्हणा बसला होता. पांढरी टोपी, पायात नव्या चपला. हातात चहाचा कप, आणि नजर मोठ्या गेटावर. ते बंद होतं.

प्रणालीनं पण त्याला बघितलं. तिनंही हात वर केले होते. "म्याडम," ती म्हणाली, "त्यांना सांगून येऊ का? तिकडनं आता कोणी येत नाही म्हणून."

"नको," मी म्हटलं. "चहा संपू दे त्यांचा."